डब्यावरचं ओलं पोतं

रघ्या, वडवणीच्या स्टँडसमोर तुझा बोर्ड लागलाय. मोठा फ्लेक्स. त्यावर तुझा तो आधार कार्डावरचा फोटो, ज्यात तू कोणीतरी आत्ताच कानाखाली वाजवल्यासारखा दिसतोस. खाली लिहिलंय, 'पाण्यासाठी प्राण वेचणारा जलदूत'. आणि तुझ्या डोक्यावर, तुझ्या दुप्पट आकारात, साखर कारखान्याचे चेअरमन साहेब हात जोडून उभे. मेलास तू आणि बोर्ड त्यांचा. मी रोज दुकानात जाताना त्याच्याखालून जातो आणि रोज तुला एक शिवी देतो. एरवी मी एक दिली की तू दोन परत करायचास.

मी तुझ्यावर चिडलोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेराव्याला जो तो तुझ्याबद्दल गोड बोलत होता. एवढं गोड की मला जेवण गेलं नाही. रघुभाऊ कधी कुणाला दुखवून बोलले नाहीत म्हणे. तू! माझ्या सासऱ्यांना तोंडावर म्हणाला होतास की तुमच्या जावयाला वेल्डिंग येतं, अक्कल येत नाही. मेल्यावर माणसाला इतकं धुऊन काढतात की तो आपलाच होता का, असा प्रश्न पडतो. म्हणून हे लिहितोय. माझा रघ्या मला मळका होता तसाच पाहिजे.

बोर्डावर तुला 'प्रसिद्ध गिअर मिस्तरी' केलंय. आपला धंदा लोकांना कधी कळलाच नाही. तुझ्या आईला तर शेवटपर्यंत वाटायचं की आपण कुकर दुरुस्त करतो. तिची चूक नव्हती, आपणच सारखं डबा डबा करायचो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसणारा तो बंद लोखंडी डबा, कन्व्हर्टर. आत तेल आणि समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलाच्या मारानं दुसरा फिरतो आणि गाडी चालते. कंपनीचा डबा तयार कपड्यासारखा, सगळ्यांना येतो आणि कुणालाच नीट बसत नाही. आपण तो लेथवर कापायचो, आतली पाती वाकवायचो आणि पुन्हा वेल्डिंगनं बंद करायचो, त्या त्या गाडीच्या मापानं. पाती थोडी मागं वाकवली की डबा सैल होतो. मग इंजिन आधी दम धरतं आणि गाडी नंतर एकदम उसळते. सैल डब्याला ताकद जास्त आणि ताप पण जास्त. तू सैल डब्याचा आणि मी घट्ट डब्याचा. सगळी उमर आपण या एका गोष्टीवर भांडलो.

पुण्याचा तो शर्यतवाला आठवतो? कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बीड जिल्ह्यात दोन येडे हायेत, ते डबे कापतेत. आला बिचारा शोधत, चकचकीत गाडी घेऊन, आणि आपलं पत्र्याचं शेड बघून गाडीतून उतरेचना. त्याचा डबा तू केलास. पाती वाकवताना मला जवळ येऊ दिलं नाहीस. मग गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्यानं तुला शेजारी बसवलं, पाय ब्रेकवर ठेवून इंजिन ओरडेस्तोवर दाबलं आणि सोडलं. परत आलास तेव्हा तुझी टोपी मागच्या सीटवर होती. "दिग्या, मानगूट मोडली बे," म्हणालास आणि हसत हसत रस्त्यावरच बसलास. तितका खूश मी तुला पुन्हा बघितला नाही. त्यानं तुला पुण्याला बोलावलं, राहायला खोली देतो म्हणाला. मी जा म्हणालो, छाया वहिनीही जा म्हणाली. तू म्हणालास, तिकडं भाकरी पातळ असते. गेला असतास तर आज पातळ भाकरी खात असतास, पण खात असतास.

आणि ती चिंधी. दुकान नवं होतं तेव्हा एका लोडरचा डबा आपण बंद केला आणि आत हात पुसायची चिंधी राहिली. चिंधी तेलाच्या वाटेत अडकली, डबा जळाला आणि मालकानं भर बाजारात आपली आईबहीण काढली. चिंधी तुझी होती, रघ्या. तू मेलास म्हणून ती माझी होणार नाही. ती निळ्या शर्टाची होती आणि निळा शर्ट तुझा होता. पण त्यानंतर तू मला नारायणगडावर नेलंस, नारळ फोडलास आणि नियम केलास. जो डबा बंद करील, त्यानं पहिला दिवस ड्रायव्हरशेजारी काढायचा, मशीन थांबेपर्यंत उतरायचं नाही. सोबत बुडायचं नाहीतर सोबत तरायचं, असं काहीतरी म्हणालास. चांगला नियम होता. त्याच नियमावर आपलं नाव झालं. मेलास त्या दिवशी तू मशीनच्या पायरीवर बसून राहिलास आणि मी इथं लेथवर राहिलो, तेही त्याच नियमानं.

दोन वर्षं ऊस नाही. कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. चिपाडाचा भुसा उचलणारी दोन लोडर मशीनं यार्डात उभी, बकेटमधे होल्यांनी घरटी केलेली. तुझ्या गावचा तलाव, तिकडं पाटोद्याकडचा, तळापर्यंत तडकलेला. सभासदांच्या सभेत कुणीतरी म्हणालं, तलाव रिकामा हाय, मशीनं रिकामी हायेत, गाळ काढा आणि शेतात टाका. एक मशीन तलावात नेऊन बघितलं तर बकेट गाळात घुसली की इंजिन गप. भुसा उचलायची सवय, गाळ कसा झेपणार? पुढच्या सभेत चेअरमन म्हणाले, बघू पुढच्या साली. तेव्हा तू मागच्या रांगेतून उठलास आणि म्हणालास, साहेब, मी शर्यतीचा डबा बसवून देतो.

सगळे हसले. मी पण हसलो. मग घरी जाताना एसटीत विचार केला आणि हसू थांबलं. बरोबर होतं तुझं. शर्यतीच्या गाडीला सुटण्याआधी जो दम लागतो, तोच बकेटला गाळात घुसताना लागतो. त्यानंतर मी काही दिवस तुझ्याशी धड बोललो नाही, कारण ते मला सुचायला पाहिजे होतं. तुला वाटलं मी आजारी आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतोय.

पण मग जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, डबा इतका सैल करतोस तर तेल गार करायची जाळी मोठी बसव, आणि तापाचा काटा नवा लाव. मशीनचा जुना काटा यार्डात पडून मेलेला होता. दोन्ही वस्तू संभाजीनगरहून यायच्या होत्या. तू थांबायला तयार नाहीस. पाऊस तोंडावर आलाय म्हणालास. बरं, जाळी राहू दे, निदान काटा?

"काटा कशाला? हात हाय की," म्हणालास. "तवा तापला का बगाया बायका काटा लावतेत का बे?"

"तवा उन्हात नसतो," मी म्हणालो.

तू हसलास, पाती मोजायला लागलास आणि विषय तुझ्यापुरता संपला. माझ्यापुरता तो अजून तिथंच आहे. रोज सकाळी शटर वर केलं की मी तुला तेच सांगतो, तवा उन्हात नसतो, रघ्या. आणि तू तिथं नसतोस.

एक गोष्ट मात्र आपण दोघांनी मिळून ठरवली होती आणि चेअरमनसमोर ठरवली होती. मशीन उजाडायला सुरू करायचं आणि ऊन चढलं की बंद करायचं. चेअरमन हो म्हणाले होते. मग त्यांच्या मनात उद्घाटन आलं. बीडहून पुढारी येणार, फीत कापणार, फोटो निघणार. पुढारी सकाळी येणार होते, ते आले सूर्य डोक्यावर आल्यावर. तोपर्यंत मशीन हार घालून उभं, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग तलावापासून सडकेपर्यंत, आणि मांडव फक्त पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. पुढाऱ्यांनी एक बकेट उचललेली बघितली, टाळ्या वाजवल्या आणि गाडीचा एसी बंद न करता निघून गेले. हा राग माझा चेअरमनवर आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

पण तिथं तू थांबू शकला असतास. ड्रायव्हर बंडूनं मला सगळं सांगितलंय, रडत रडत. तो म्हणाला होता तुला, उस्ताद, आता उद्या करू. तू म्हणालास, लोक सकाळपासून ट्रॉल्या घेऊन बसलेत, त्यांना रिकामं कसं धाडायचं. हे चेअरमन नाही म्हणाले, हे तू म्हणालास. तुला गावात कुणी नाव ठेवलेलं चालत नव्हतं. तुझ्या गावचा तलाव, तुझ्या गावची माणसं, तुझा डबा. आणि डबा खरंच चालला. बंडू म्हणतो बकेट गाळात अशी जायची जशी सुरी लोण्यात जाते. लोक ट्रॉल्यांवर उभं राहून तुझं नाव घेत होते. तू पायरीवर बसून दात दाखवत होतास. मला तो तुझा चेहरा माहीत आहे, म्हणून तर जास्त संताप येतो.

मग तू बाजूचं झाकण काढलंस, डब्याच्या घरावर, त्याच्या बाहेरच्या लोखंडी कवचावर, हात ठेवलास आणि म्हणालास, तापलाय. कुणाकडून तरी पोतं मागून घेतलंस. ते भिजवलंस तुझ्या प्यायच्या पाण्यानं. सगळा कॅन ओतलास. पोतं वाळलं की पुन्हा. रेडिएटरसाठी टँकरच्या पाण्याचा ड्रम भरून ठेवला होता, त्याला कुणाला हात लावू देईनास, ते मशीनचं पाणी. म्हणून लोकांच्या बाटल्या मागितल्यास आणि त्याही पोत्यावर ओतल्यास. बंडूनं विचारलं, तुमी पेनार न्हाई का? तू म्हणालास, आधी हिला पाजू. मग तू पायरीवरून खाली आलास, म्हणजे पडलास, आणि लोकांना वाटलं उडी मारली.

बाहेरून पोतं घालून आतलं तेल गार होत नाही. हे मला कुणी शिकवलं? तू शिकवलंस. असंच एकदा मी एका डब्यावर पाणी मारत होतो तर तू पाइप हिसकावून म्हणाला होतास, ताप आलेल्या माणसाच्या चपला धुतोस का बे? मग त्या दिवशी तू काय धूत होतास?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी हेच विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की ऊन डोक्यात गेलं की आधी घाम थांबतो आणि मग माणूस भ्रमतो, एकच काहीतरी धरून बसतो, आणि आजूबाजूच्यांना वाटतं की हा नेहमीसारखाच कामात आहे. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. म्हणजे पोतं मागितलंस तेव्हा तू नव्हतासच तिथं? इतकी माणसं होती, एकालाही कळलं नाही. बंडू म्हणतो, "उस्ताद म्हन्ले म्हंजी बरुबरच आसंल." तुझा दरारा, रघ्या. तुला कोणी चुकीचा म्हणायला धजत नव्हतं. एक मीच म्हणायचो, आणि मी इथं दुसऱ्या मशीनचा डबा कापत होतो.

मशीन दुकानात आणलं तेव्हा सगळ्यात आधी मी तेल काढलं. भांड्यात धार पडत होती आणि मी वाकून वास घेत होतो. तेल लाल, स्वच्छ, जळका वास नाही. डबा तापलाच नव्हता. जाळी जुनी, काटा मेलेला, भर उन्हात सगळी दुपार गाळ उचलला, आणि तुझा डबा गार होता. तुला हाताला जे लागलं ते ऊन होतं. आपल्याकडं मे महिन्यात दाराची कडीसुद्धा चटका देते, आणि तू हात लावून ताप बघत होतास. मी पान्हा फेकून मारला, तो तुझ्या खुर्चीला लागला. इतका नीट डबा केलास आणि त्याच्यावरच तुझा भरवसा नाही? मी त्याला नावं ठेवत होतो ते माझं कामच होतं. तुझं काम होतं तो नीट आहे हे माहीत असणं.

छाया वहिनीनं तेराव्याला मला मागच्या दारी बोलावलं. दिवसभर बायका तिला पाणीदार नवऱ्याची बायको म्हणत होत्या, तिचं तोंड दगडासारखं झालं होतं. तिनं विचारलं, "भावजी, डबा बरुबर होता का?"

मी म्हणालो, तेल स्वच्छ निघालं, एकदम बरोबर होता.

"मंग त्ये कावून गेले?" ती म्हणाली.

एवढंच विचारलं. उत्तर तुला येत असेल तर तिच्या स्वप्नात जाऊन दे, माझ्या नको.

शोकसभाही झाली, कारखान्याच्या हॉलमधे. चेअरमननी तुझ्या बलिदानावर भाषण केलं. मशीनला स्वतःच्या घोटाचं पाणी पाजणारा असा माणूस होणे नाही, म्हणाले. लोक डोळे पुसत होते. मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "रघ्या पान्यासाठी मेला न्हाई. ऊन लागून मेला. मशीन सकाळी चालवायचं ठरलं व्हतं." सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी माइक माझ्या हातातून अलगद घेतला आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. उभं राहिले. मी तसाच बाहेर आलो. माझं कुणी ऐकलं की नाही माहीत नाही. तू ऐकलं असतंस तर म्हणाला असतास, भाषण जमलं नाही, पाती जास्त घट्ट झाली.

आता दुसऱ्या मशीनचं ऐक. तो डबा मी बंद केला. घट्ट करणार होतो, शपथेवर सांगतो. पाती हातात घेतली आणि तुझ्या मापानं मागं वाकवली. खूश हो. पण जाळी मोठी लावली आणि काटा नवा लावला, आणि चेअरमनकडून पुन्हा तेच कबूल करून घेतलं, उजाडता सुरू, ऊन चढलं की बंद. त्यांनी लगेच मान हलवली. त्यांचे फोटो निघून झाले होते.

आज सकाळी मशीन तुझ्या तलावात उतरलं. नियमाप्रमाणे मी पायरीवर. नवा काटा बंडूला दाखवला, हिरवा म्हणजे बरं, लाल म्हणजे थांब. काम सुरू होणार तेवढ्यात तुझ्या गावचे चारपाच जण आले, त्यात तुझे चुलते पुढं. त्यांच्या हातात पोतं. हळदकुंकू लावलेलं, नीट घडी घालून भिजवलेलं. झाकण काढायला लावलं आणि डब्याच्या घरावर घातलं. "रघूचं पोतं हाय," चुलते म्हणाले. "आता पर्तेक मशीनला घालायचं." सगळ्यांनी हात जोडले. बंडूनं पण जोडले. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं.

ऊन थोडं वर आलं तसं पोतं वाळलं. मग बंडू मशीन थांबवून खाली उतरला, आपली प्यायची बाटली उघडली आणि पोत्यावर ओतायला लागला. काटा हिरव्यात होता. त्याला मीच दाखवला होता. तरी ओतत होता, आणि चेहऱ्यावर देवाला पाणी घालताना असतो तसा भाव. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ते पोतं ओढून काढलं आणि बाटली हिसकावली. चुलते अंगावर आले, म्हणाले, त्याची आठवण हाय ती. मी म्हणालो, "आठवण न्हाई ती. त्याच्या डोक्यात ऊन गेलतं." गलका झाला. कुणी मला परका म्हणालं, कुणी म्हणालं, मित्राचं नाव झालेलं बघवत नाही याला. पोतं माझ्या हातात आणि काय करावं ते सुचेना. फेकून दिलं असतं तर मला तिथंच गाडला असता.

छाया वहिनी बांधावर उभी होती. घरून डोक्यावर माठ घेऊन आली होती, कामावरच्या माणसांना पाणी म्हणून. ती खाली उतरली, माठ लिंबाच्या सावलीत ठेवला आणि माझ्याकडं हात पुढं केला. मी पोतं दिलं. तिनं ते झटकलं, माठाला गुंडाळलं, वरून ओंजळभर पाणी शिंपडलं.

"पोतं माठाला गुंडाळत्यात," ती म्हणाली, कुणाकडंच न बघता. "मशीनला न्हाई."

चुलते खाली बसले. बंडू माठाशी जाऊन पाणी प्यायला, त्यानं तांब्या पुन्हा भरला आणि पुन्हा प्यायला. ऊन चढलं तशी मी मशीनची किल्ली काढून खिशात घातली. रांगेतल्या ट्रॉल्या रिकाम्या राहिल्या, लोक कुरकुरले, चुलत्यांनीच त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

सगळे गेल्यावर मी डब्याच्या घरावर हात ठेवला. चांगलाच चटका बसला. काटा हिरव्यात होता. मग माठातलं पाणी प्यालो, गार होतं, आणि तिथंच उभं राहून तुला मोठ्यानं एक शिवी दिली, आपली नेहमीची. आणि गाढवासारखा थांबलो, तुझ्या दोन परत येतील म्हणून.